चंद्रावर उतरायचं यान, मॉडेल कोणाचं करायचं: अपोलोचं, ब्ल्यू मून की स्टारशिप?

भाचा नववीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, आणि रमण विज्ञान केंद्र बघून परत येताना ऑटोतच त्याचं सुरू झालं की मामा, माणसं घेऊन चंद्रावर उतरते ना, तेच यान करायचं. पण कोणतं? दोन दिवस आमच्या घरी हाच विषय होता, तुमच्याकडेही पोरं मागे लागली असतील तर हे वाचून ठरवा.

पहिले उंची बघा. अपोलोचं लुनार मॉड्यूल, म्हणजे नासाच्या जुन्या मोहिमांतलं चंद्रावर उतरणारं यान, 7 मीटर, ब्ल्यू ओरिजिन कंपनीचं नवं ब्ल्यू मून मार्क 2 साधारण 16 मीटर आणि स्पेसएक्सची स्टारशिप 50 मीटरच्या आसपास. 1:20 ने केलं तर 35 सेंटीमीटर, 80 सेंटीमीटर आणि थेट अडीच मीटर! मागच्या वर्षी आमचं रॉकेटचं उंच मॉडेल ऑटोत आडवं नेताना मधातूनच मोडलं होतं, पोट्टा रडला, म्हणून मी याला एवढं धरून बसलोय. स्टारशिप 1:100 ने करता येते, पण मग माणूस पावणेदोन सेंटीमीटरचा होतो आणि त्यातली खरी बघायची गोष्ट, म्हणजे केबिन इतकी वर आहे की खाली यायला शिडी नाही, लिफ्ट लागते, ती कोणाला दिसणारच नाही.

ब्ल्यू मूनने हे चांगलं सोडवलंय, माणसं खाली जमिनीजवळ आणि हायड्रोजनची मोठी टाकी वर. पुढच्या काळातलं काही दाखवायचं असेल अन् घरी जागा असेल तर बिनधास्त हेच घ्या. पण ब्ल्यू मून काय, स्टारशिप काय, दोन्हींना अंतराळातच इंधन भरून घ्यावं लागणार, अन् माणूस घेऊन चंद्रावर दोन्ही अजून उतरलेली नाहीत.

माझं मत अपोलोचं, आणि ते फक्त आकारामुळे नाही. हे यान दोन तुकड्यांचं आहे, खालचा उतरवतो आणि मग वरच्यासाठी लॉन्चपॅड बनून तिथंच राहतो. वर यायचं इंजिन एकच, दुसरं नाही, म्हणून ते जितकं साधं करता येईल तितकं केलं, पंप नाही, ठिणगी नाही, दोन द्रव एकमेकांना भिडले की पेटलंच पाहिजे. 1969 ते 1972 मध्ये सहा वेळा, 12 माणसं त्याच्यावर परत आली. मॉडेलमध्ये वरचा भाग उचलून दाखवला की पाहणाऱ्याला सगळं कळते.

आतली माणसं मात्र उभी करा, बसलेली नको. खुर्च्या काढून टाकल्या होत्या, माणूस उभा राहिला की डोळा काचेजवळ येतो, मग खिडकी छोटी, तिकोनी चालते, वजन वाचते. इतवारीतून सोनेरी कागद आणला तर तो गुळगुळीत चिकटवू नका, हाताने चुरगाळा. खऱ्या यानावर सोनं नव्हतं, ॲल्युमिनियमचा थर दिलेली प्लास्टिकची पातळ फिल्म होती, आणि थर एकमेकांना कमी टेकावे, उष्णता कमी जावी म्हणून तीही हातानेच चुरगाळली होती.

आणि शिडी जमिनीपर्यंत नेऊ नका. उतरताना दणका बसून पाय थोडे चेपतील असं धरून ती वरच संपवली होती, पण आर्मस्ट्राँगने यान इतकं अलगद टेकवलं की पाय फारसे चेपलेच नाहीत, शेवटच्या पायरीवरून त्याला उडीच मारावी लागली.