झेड४ चे नवे टायर: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम

गेल्या मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, माझ्या गाडीला चारही टायर नवे घातले. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, थंडी गेली, आणि आता साखर कारखान्यांचे पट्टेही पडत आले आहेत. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा टायर छानच वाटतो, म्हणून साताऱ्याचे सगळे ऋतू होऊन गेल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, एसड्राइव्ह३५आय. २००९ साली आलेली पिढी, पत्र्याचं घडी होणारं टप असलेली. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना. दोनच सीट. सोमवार ते शुक्रवार ती झाकून उभी असते. शनिवारी किंवा रविवारी पहाटे बाहेर निघते: कधी यवतेश्वर घाटातून कासकडे, कधी मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर, कधी सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर.

टायरची मापं पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा (प्रोफाइल) म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचे इंच. मागचा टायर तीन सेंटीमीटर जास्त रुंद, पण चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच. हिशेब केला तर पुढचं चाक ६३७ मिलिमीटरचं येतं आणि मागचं ६३६ च्या आतबाहेर. हे जुळणं फार महत्त्वाचं आहे, कारण घसरण रोखणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याच्या वेगाची सतत तुलना करत असते. मागचं २५५ चं माप मिळत नाही म्हणून ‘त्याच्या जवळचं’ काहीतरी सुचवणारे लोक भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावं.

गाडी मी वापरलेलीच घेतली, तेव्हा तिच्यावर जुने रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर होते. पावसाळ्याच्या आधी हवा बघायला नेली, तर दुकानातले दादा बॅटरी मारून टायरची नक्षी, त्यांच्या भाषेत बटण, बघत म्हणाले, “मॅडम, बटण अजून निम्म्याच्या वर हाय की. कशाला घालवताय?”

“दादा, बटण नका बघू. आकडा बघा.”

ते वाकले. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. आमचे होते २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षं झालेली. बोटाने दाबून पाहिलं तर रबर लाकडासारखं, आणि खाचांच्या बुडाशी केसासारख्या बारीक चिरा. दादा स्वतःच म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या. ह्यो कडक झालाय पार.”

माझ्या मते वीकेंडच्या गाडीचा टायर निवडताना सगळ्यात आधी हेच लक्षात घ्यायला हवं. रोज पुणे करणाऱ्याचा टायर झिजून संपतो, आपला वय होऊन संपतो. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि आपल्या गाडीत ती मर्यादा यायच्या कितीतरी आधी रबराचा जीव गेलेला असतो. बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअलमध्ये सहा वर्षांनी टायर बदला असं लिहिलेलं आहे. मग ‘हा टायर साठ हजार चालतो’ या गुणाचे जास्त पैसे आपण का द्यायचे? जास्त चालणारं रबर सहसा कडक असतं, आणि ओल्या घाटात कडक रबराचा उपयोग नाही. मी मऊ, पाण्यात पकडणारा टायर आणि ताजी तारीख या दोनच गोष्टींमागे लागले.

त्याआधी एक मोठा प्रश्न सोडवायचा होता: परत रनफ्लॅट घ्यायचे की साधे? या गाडीला स्टेपनीच नाही, ठेवायला जागाही नाही. रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड असतात, की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. साताऱ्यातून कुठेही पंक्चर झालं तरी घर गाठता येईल, हा मोठा दिलासा आहे. पण त्याच जाड भिंतींमुळे टायर जड होतो, खड्ड्याचा दणका सरळ पाठीत येतो, आणि हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट नंतर दुरुस्त करून वापरावा का, याची खात्री कुणी देत नाही. शिवाय २०२० च्या जूनमध्ये केंद्राने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकल्यापासून अशा मापांत निवडच कमी झाली. मागच्या मापात रनफ्लॅटचा ताज्या तारखेचा जोड शोधणं म्हणजे नुसते फोन करत बसणं.

शेवटी साधे टायर घेतले: मिशलिन पायलट स्पोर्ट ४. पुढे ९२ वाय, मागे ९४ वाय, दोन्ही जास्त वजन पेलणाऱ्या बांधणीचे. मूळ टायरवर ८८ आणि ९० असे आकडे होते. हा आकडा किलो नसून कोष्टकातला क्रमांक असतो. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९२ म्हणजे ६३०. मूळ आकड्यापेक्षा खाली जायचं नाही, वर गेलं तर हरकत नाही. ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ती आपल्याला कधीच लागणार नाही, पण त्या वेगासाठी आत जी बांधणी केलेली असते (या टायरमध्ये नायलॉन आणि ॲरामिड या धाग्यांचा मिश्र पट्टा आहे) तिच्यामुळे टायर वळणावर आकार सोडत नाही. त्याचा फायदा केळघरच्या वळणांवर ताशी चाळीसलाही कळतो.

दुकानदाराला पैसे देण्याआधी चारही टायरचे तारखेचे फोटो मागवले आणि सहा महिन्यांच्या आतलेच घेईन असं आधीच सांगितलं. बसवायला पुण्याला नेले, कारण ३५ च्या प्रोफाइलचा टायर पहारीने काढायला गेलं की अलॉयच्या कडा सोलतात. पुण्यात लिव्हर न लावता टायर काढणारं मशीन मिळालं. अलाइनमेंट तिथेच केलं. बोल्ट शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळायला लावले. यात कसर नको. एअर गनने ठोकलेले बोल्ट रस्त्यात आपल्या हाताने सुटत नाहीत.

आता पाऊस.

इथे हे टायर माझ्यासाठी पूर्ण वसूल झाले. साताऱ्यात शहरात पाऊस बेताचा, पण पश्चिमेला जावं तसा तो दर पाच किलोमीटरला वाढत जातो आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. म्हणजे एकाच फेरीत कोरडा रस्ता, भुरभुर, धुकं आणि मुसळधार हे सगळं भेटतं. जुन्या टायरवर अवकाळी पावसात यवतेश्वरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, की डॅशबोर्डवरचा घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा पिवळा त्रिकोण लुकलुकायचा. नव्या टायरवर तो त्रिकोण पूर्ण पावसाळ्यात क्वचित दिसला, तोही पहिल्या गिअरमध्ये मी जाणूनबुजून जास्त ॲक्सिलरेटर दिला तेव्हाच. ब्रेकचा फरक त्याहून मोठा आहे. उतारावर ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी सरळ बसते, एबीएसची ती थरथर खूप उशिरा सुरू होते. सोबत बसणारी माझी बहीण गाड्यांतलं काही जाणत नाही, पण ठोसेघरहून येताना तीच म्हणाली, “ताई, आज गाडी घाबरत नाहीये.”

तरी तीन ठिकाणी कुठलाही टायर कामाचा नाही, हे या पावसाळ्यात पक्कं कळलं. एक, केळघरमध्ये झाडीखालच्या वळणांवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. दोन, कासच्या बाजूला जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर वळणावर येऊन बसते. ती बारीक खडीसारखी चाकाखाली फिरते. तीन, हायवेवरचं साचलेलं पाणी. शेंद्र्यापासून पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे वळवलेले रस्ते आहेत, तिथे पाण्याचे पट्टे अचानक येतात. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे भौतिकशास्त्र आहे, महाग टायरने ते बदलत नाही. या टायरच्या उभ्या खाचा रुंद आहेत आणि नक्षी नवी असल्याने खोल आहेत, म्हणून जुन्यापेक्षा खूप बरं. पण २५५ रुंदीवर साचलेल्या पाण्यात मी सत्तरच्या वर जात नाही.

कोरड्या रस्त्यावर काय? पकड भरपूर आहे, आपल्या घाटांत वापरता येईल त्याहून जास्त. फक्त रनफ्लॅटवर स्टिअरिंग जरासं हलवलं की नाक लगेच वळायचं, तो पहिला करकरीत प्रतिसाद साध्या टायरच्या लवचीक भिंतीमुळे थोडा मवाळ झाला आहे. सुरुवातीला मला ते खटकलं. पसरणी घाटात वाईहून पाचगणीला चढताना लक्षात आलं, की वळणाच्या मधोमध खाचखळगा आला तर आता गाडी उसळून बाजूला सरकत नाही, ओळ धरून राहते. आपल्या रस्त्यांवर मला ही गोष्ट त्या करकरीतपणापेक्षा जास्त मोलाची वाटते. पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंतचे गतिरोधक, हायवेवरच्या रंबलर पट्ट्या, सगळंच सुसह्य झालं. टपाच्या सांध्यांतली कुरकुरही कमी झाली. सिमेंटच्या रस्त्यावर मागून एक घुमणारा आवाज येतो. या रुंदीला तो राहणारच.

मग नोव्हेंबरपासून ऊस. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रस्त्यावर उसाची कांडी, पाचट, शेतातली ओली माती आणि नट, खिळे, पिना असं सगळं सांडत जातं. मेढ्याहून परतताना हवेचा इशारा लागला. माझ्या गाडीत प्रत्येक चाकात सेन्सर नाही. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं, त्या फरकावरून गाडी ओळखते. त्यामुळे इशारा थोडा उशिराच येतो. बाजूला घेतली तर मागच्या डाव्या टायरच्या मधोमध स्क्रू. स्टेपनीऐवजी डिकीत मी स्ट्रिपचा (भोकात बाहेरून रबरी पट्टी भरायचा) पंक्चर किट, पक्कड, बारा व्होल्टचा पंप आणि डोक्याला लावायची बॅटरी ठेवते. स्क्रू काढला, स्ट्रिप भरली, हवा मारली, घरी आले. दुसऱ्या दिवशी टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) मारून घेतला, कारण बाहेरून भरलेल्या स्ट्रिपवर हा टायर कायमचा चालवणं मला मान्य नाही. त्यानंतर हवा टिकून आहे.

स्क्रू मधोमध होता म्हणून हे जमलं. बाजूच्या भिंतीला कट बसला तर किट काही करत नाही, फ्लॅटबेडच (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) बोलवावा लागतो. रनफ्लॅट सोडल्याची ही खरी किंमत आहे. म्हणून रात्री एकटीने आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जाणं मी टाळते. तुमचं जाणं-येणं असंच आडबाजूला आणि रात्रीचं असेल, किंवा वाटेत बसून स्ट्रिप भरण्याची तयारी नसेल, तर तुम्ही रनफ्लॅटच घ्या, दणके सोसून.

थंडीबद्दल एक गोष्ट लिहिते, कारण ती सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. हा उन्हाळी रबराचा टायर आहे. साधारण ७ अंशांच्या खाली असं रबर ताठर होऊ लागतं. सातारा शहरात तसा प्रश्न येत नाही, पण महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. डिसेंबरच्या पहाटे तिथून जाताना पहिल्या काही वळणांना टायर निर्जीव वाटले. थोडं अंतर गेल्यावर गरम झाले आणि पूर्ववत झाले. थंडीत हवेचा दाबही कमी होतो: तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय. मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरात आपोआप कमी असते. दारावरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरवर, दर पंधरवड्याला, स्वतःच्या गेजने बघावा. नायट्रोजनच्या मागे मी लागले नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

उभ्या गाडीचंही सांगायला हवं. पाच दिवस एकाच जागी उभी राहिली की टायर खाली किंचित चपटा बसतो आणि पहिले दोन-तीन किलोमीटर स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते, मग जाते. जुलैमध्ये संततधारेत गाडी बरेच दिवस निघाली नाही, तेव्हा तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवली आणि निघायच्या आधी पुन्हा कमी केली. थरथर नेहमीपेक्षा कमी होती. टायर काळे चकचकीत करणारं तेलकट पॉलिश मी लावू देत नाही.

झीज म्हणाल तर मागे दीड मिलिमीटरच्या आसपास गेली आहे, पुढे जेमतेम. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने आपापसात बदलता येत नाहीत, पण या टायरची नक्षी दिशेची नसून आतल्या-बाहेरच्या बाजूची आहे, त्यामुळे डावा उजवीकडे नेता येतो. मागच्यांचं ते काम या पावसाळ्याआधी करणार आहे. या गतीने झीज संपायच्या आधी तारीखच संपेल.

ज्यांच्या झेड४ ला चारही चाकं २२५/४५ आर१७ ची आहेत, त्यांना हे सगळं सोपं आहे. चाकाची एकूण उंची जवळपास हीच, ६३४, पण बाजूचं रबर ९० ऐवजी १०१ मिलिमीटर. म्हणजे खड्ड्यात अलॉय वाकायची भीती कमी, पुढचे-मागचे आलटून-पालटून घालता येतात, आणि हे माप बऱ्याच सेडान गाड्यांनाही लागत असल्याने ताज्या तारखेचा माल साताऱ्यातच मागवून मिळतो. दिसायला बरं म्हणून कुणी १९ इंची अलॉय घालायच्या विचारात असेल, तर आधी एकदा ऊस हंगामात मेढा रस्त्याने जाऊन यावं आणि मग ठरवावं.