अलास्काच्या जहाजावर सीपॅप: सात रात्रींचा अनुभव

जूनमध्ये आम्ही सिॲटलहून अलास्काला सात रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. मुलगा तिकडे बेलव्ह्यूला असतो, तिकिटं त्यानेच काढली. ग्लेशियर कसा दिसला, जेवण कसं होतं, हे सांगणारे खूप आहेत. मी लिहितेय ते एकाच गोष्टीबद्दल: रोज रात्री सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावून झोपणाऱ्या माणसाची जहाजावर सोय कशी होते. निघण्याआधी मी मराठीत यावर काही वाचायला मिळतंय का म्हणून शोधत होते, हाती काही लागलं नाही. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वय ६३. कोल्हापूरची. आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून ३१ वर्षं नोकरी झाली. २०२१ मध्ये स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) केली तेव्हा झोपेत तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. तासाला ३० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. तेव्हापासून रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १० हे सीपॅप मशीन वापरते, ऑटो मोडवर, म्हणजे हवेचा दाब ६ ते १४ मध्ये मशीन स्वतःच कमी-जास्त करतं. आता श्वास अडण्याचा आकडा तासाला दोनच्या आसपास असतो.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "सात दिवस नाही लावलं तर काय होतंय?" मी हे एकदा करून बसलेय. भाचीच्या लग्नाला गुहागरला गेलो होतो, तीन रात्रींसाठी कुठे ते ओझं न्यायचं म्हणून मशीन घरीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना उभ्या-उभ्या डोळे मिटत होते, डोकं दगडासारखं जड. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना माझ्या घोरण्याने झोप लागली नाही ते वेगळंच. सीपॅप म्हणजे आजार बरा करणारं औषध नव्हे, चष्म्यासारखं आहे. काढलं की पुन्हा पहिल्यासारखं. त्यामुळे अलास्काला जायचं ते मशीन घेऊनच, हे ठरलेलं होतं.

आधी मशीनबद्दल. प्रवासासाठी याहून लहान, तीनशे ग्रॅमची यंत्रं मिळतात. मुलगा म्हणाला, "आई, एक घेऊन टाकू." मी नको म्हटलं. माझं नाक लगेच कोरडं पडतं, मला हवा ओलसर करणारा पाण्याचा डबा असलेलंच लागतं. एअरसेन्सचं वजन डब्यासकट सव्वा किलोच्या आसपास आहे, अ‍ॅडॅप्टर वेगळा. खांद्याला लावायची बॅग मशीनबरोबरच मिळते. विमानात ती मी हातातच ठेवली, मोठ्या बॅगेत अजिबात टाकली नाही. सामान हरवलं तर साड्या पुन्हा घेता येतात, हे यंत्र चार दिवसांत कुठून आणणार? पाण्याचा डबा आदल्या सकाळी रिकामा करून पुसून कोरडा केला होता. अमेरिकेत विमानतळावर तपासणीला लॅपटॉपसारखं मशीन बॅगेतून बाहेर काढावं लागतं. तिथल्या ट्रेमध्ये लोकांचं काय-काय सामान ठेवलेलं असतं, म्हणून मी ते स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालून ठेवलं. तशी पिशवी चालते. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्रही जवळ होतं, कुणी मागितलं नाही, पण असावं.

विजेची भीती मला सगळ्यात जास्त होती आणि तीच सगळ्यात बिनबुडाची निघाली. अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलंय, १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. म्हणजे आपल्याकडचे २३० आणि तिकडचे १२०, दोन्ही त्याला चालतात. जड कन्व्हर्टर घ्यायची गरज नाही, फक्त भिंतीकडची पिन बदलावी लागते. ती वायर अ‍ॅडॅप्टरपासून सुटी होते. मुलाने तिथली चपट्या पिनांची वायर आणून ठेवली होती.

आता जहाज. कंपनीचं नाव देत नाही. एक चूक त्यांच्याकडून झाली, पण ती निस्तरली ज्या पद्धतीने ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकीट काढताना "वैद्यकीय गरज" असा एक फॉर्म असतो. तो निघायच्या बऱ्याच आधी भरायचा. मुलाने त्यात तीन गोष्टी लिहिल्या: सीपॅप आहे, पलंगापर्यंत पोचणारी एक्स्टेंशन वायर हवी, मशीनच्या डब्यात रोज घालायला डिस्टिल्ड वॉटर (वाफ थंड करून मिळवलेलं, क्षार नसलेलं पाणी) हवं. आठवड्याभरात ईमेलवर होकार आला. तो ईमेल मी छापून पर्समध्ये ठेवला. पुढे तोच कागद कामी आला.

बंदरावर चढताना मात्र धक्का बसला. मुलाने खबरदारी म्हणून सहा प्लगांचा एक बोर्ड घेतला होता, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्रं वाचवणारा भाग) असलेला. तपासणीत तो बाजूला काढला. त्यांनी आमचा केबिन नंबर लिहून पावती दिली आणि उतरताना घ्या म्हणाले. मागे टेबलावर तसल्या बोर्डांचा ढीगच होता. मला आधी राग आला. मुलगा इलेक्ट्रिकलचा, त्याने नंतर नीट समजावलं तेव्हा पटलं. आपल्या घरात एका वायरीत वीज असते आणि दुसरी, न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर सहसा दोन्ही वायरींत दाब असतो, लोखंडी सांगाड्याशी दोन्हीपैकी एकही जोडलेली नसते. जमिनीवरच्या घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर बिघाडाच्या वेळी एकच बाजू तोडू शकतो, दुसरी चालूच राहते, आणि तो बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१३ मध्ये यावर जाहीर इशारा काढला होता. समुद्राच्या मधोमध आग म्हणजे पळायला जागा नाही. तेव्हा हे वाचणाऱ्यांनी असा बोर्ड नेऊच नये. साधी वायरसुद्धा कंपनीला विचारूनच न्यावी.

केबिनमध्ये गेलो तर टेबलावर डिस्टिल्ड वॉटरचा सीलबंद कॅन हजर. एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडा वर. माझ्या मशीनच्या डब्यात जास्तीत जास्त ३८० मिली मावतं, रात्रीत मला साधारण पाव लिटर लागतं. सात रात्रींना पावणेदोन लिटर, त्यामुळे एक कॅन भरपूर झाला.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे यात फार घोळ होतो. कोल्हापुरात मी सुरुवातीला डिस्टिल्ड वॉटर मागायला गेले की दुकानदार बॅटरीचं पाणी पुढे करायचा. ते फक्त क्षार काढलेलं असतं, त्यात जंतू नाहीत याची हमी कुणी देत नाही, आणि इथे तर त्याची वाफ रात्रभर फुप्फुसात जाते. मी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पाच लिटरचा कॅन आणते. जहाजावर नळाला येणारं पाणी बरंचसं समुद्राच्या पाण्यापासूनच तयार केलेलं असतं, पिण्याला उत्तम असतं, पण त्यात नंतर क्षार आणि क्लोरीन घालतात. एखाद्या रात्री वेळ निभावेल. रोज वापरलं तर डब्याच्या तळाला पांढरा थर बसतो. पिण्याच्या बाटलीतल्या मिनरल वॉटरचंही तेच.

पाणी होतं, वायर नव्हती. केबिनमधली सॉकेट सगळी आरशाच्या टेबलाशी: दोन चपट्या पिनांची, एक गोल पिनांचं. पलंगाच्या बाजूला मोबाईलपुरती यूएसबीची दोन भोकं. टेबलापासून उशीपर्यंत मी टेपने मोजलं, बारा फूट. माझी वायर आणि नळी ताणूनही पोचेना. खाली रिसेप्शनला ही भली मोठी रांग. आमचे हे म्हणाले, "आजची रात्र उशी पायाकडे घेऊन झोप, डोकं टेबलाकडे येईल." तीही तयारी केली होती.

तेवढ्यात केबिनची साफसफाई बघणारा मुलगा आला. छातीवरच्या पट्टीवर इंडिया लिहिलेलं. मी हिंदीत सुरुवात केली, त्याने माझं बोलणं ऐकून विचारलं, "आंटी, महाराष्ट्रातल्या का?" तो गोव्याचा, सासष्टीचा. अकरा वर्षं जहाजावर काम करतोय. त्याचा एक मामाही जहाजावरूनच रिटायर झालेला. मी छापलेला ईमेल दाखवला, त्याने त्यातली वायरची ओळ बोटाने दाबून वाचली आणि म्हणाला, "भिऊं नाका, हांव हाडटां." आणतो म्हणाला आणि पाऊण तासात जाड काळी वायर घेऊन आला, जहाजाचा शिक्का मारलेली. नुसती देऊन गेला नाही. गुडघ्यावर बसून ती भिंतीच्या कडेने पलंगामागून फिरवली, रात्री बाथरूमला उठताना पाय अडकू नये म्हणून जागोजागी चिकटपट्टी लावली. पलंगाशेजारचं छोटं स्टूल मागितलं तेही आणलं. त्याच्या डोळ्यांसमोर मी मशीन चालू केलं, हिरवा दिवा लागला, तेव्हाच तो गेला. परक्या समुद्रात असं कुणी आपलेपणाने वागलं की जीव भांड्यात पडतो. उतरताना मी कंपनीच्या अभिप्रायात त्याच्याबद्दल आठ ओळी लिहिल्या.

पहिली रात्र हलण्याची होती. सिॲटलहून निघालेलं जहाज रात्री व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला उघड्या पॅसिफिकमध्ये येतं, तिथे लाटा लांब आणि संथ असतात. पलंग हळूच वर जातो, हळूच खाली येतो. मला काळजी डब्यातल्या पाण्याची. मशीन तिरकं झालं तर पाणी नळीत येऊ शकतं, म्हणून मी डबा वरच्या रेघेपर्यंत न भरता निम्म्याहून थोडा वर भरला. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली, त्या स्टुलावर ठेवलं. म्हणजे पाणी आलंच तर मास्ककडे वाहणार नाही. आणि खाली घरून आणलेली रबराची जाळी अंथरली, आपण ओट्याच्या ड्रॉवरमध्ये डबे सरकू नयेत म्हणून घालतो ती. रात्रभर मशीन जागचं हललं नाही. वीस-तीस रुपयांचा तो तुकडा प्रत्येकाने बरोबर ठेवावा.

दुसऱ्या रात्री वेगळाच त्रास. पहाटे तीनला नळीत गुडगुड आवाज, नाकावर थंड थेंब. केबिनमधली हवा आम्ही फार थंड ठेवली होती, त्यामुळे डब्यातून येणारी गरम वाफ नळीत थंड होऊन तिथेच पाणी होत होती. कोल्हापुरात डिसेंबरातही हे कधीतरी होतं. उपाय सोपा: केबिनचं तापमान दोन अंशांनी वाढवलं, मशीनवर ओलावा ५ वरून ३ वर आणला, नळी पांघरुणाच्या आत घेतली. मग शेवटपर्यंत एकदाही झालं नाही.

पुढचे दिवस छान गेले. केचिकनला पाऊस, डॉझ ग्लेशियरसमोर जहाज थांबलं तेव्हा निळा बर्फ, स्कॅगवेला १९०० मध्ये पूर्ण झालेली डोंगरातली छोटी रेल्वे. रात्री दहा वाजताही बाहेर उजेड, त्यामुळे झोपेला तसाच उशीर व्हायचा. पण उठल्यावर डोकं हलकं असायचं, आणि नातीबरोबर मी रोज डेकवर तीन फेऱ्या मारल्या. तिला मास्कची भीती वाटत होती. मी सांगितलं की १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लोकांसमोर मांडलं आणि सुरुवातीला त्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली, तेव्हा ती हसली. मग रोज सकाळी स्क्रीनवरचा श्वास अडण्याचा आकडा वाचायचं काम तिनेच घेतलं. १.९, २.४, १.६. मास्क नीट बसला होता याचं हसरं तोंड दिसलं की टाळ्या.

मास्क धुण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. बाथरूममधला सुगंधी साबण वापरू नका, त्वचेवर चट्टे येतात. मी घरून लहान मुलांच्या शाम्पूची छोटी बाटली नेली होती. रोज सकाळी मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ गादी धुवायची, टॉवेलवर वाळवायची.

आणखी एक गोष्ट. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, तरी जादा सीपॅप मिळेल असं समजू नये. मी मुद्दाम जाऊन विचारलं, त्यांच्याकडे नव्हतं. त्यामुळे जादा मास्क, जादा फिल्टर आणि अ‍ॅडॅप्टरची जादा वायर आपणच न्यायची.

एकूण सोयीला मी पाचपैकी चार देईन. कापलेला एक त्या वायरसाठी: लेखी होकार देऊन पहिल्या संध्याकाळी ती केबिनमध्ये नव्हती, आणि तो गोव्याचा मुलगा नसता तर ती रात्र मी पायाकडे डोकं करून काढली असती. मशीनला पाचपैकी पाच.

जहाज वाटेत थांबतं ते व्हिक्टोरिया बंदर कॅनडात आहे, तेव्हा आपल्या पासपोर्टवाल्यांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही काढावा लागतो, हे विसरू नका. शेवटच्या संध्याकाळी कॅनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. लिफ्टपाशी आमच्याच मजल्यावरचे एक अमेरिकन आजोबा भेटले, हातात तशीच करड्या रंगाची बॅग. त्यांनी पाणी आधी मागितलंच नव्हतं, सहा रात्री नळाचं वापरलं होतं आणि डब्याला पांढरं बसलंय म्हणून हळहळत होते. कॅन मी त्यांना देऊन टाकला. डब्यात कोमट पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, मग खळखळून धुवा, असं इंग्रजी जमेल तसं सांगितलं. सकाळी नाश्त्याला त्यांनी लांबूनच हात वर करून अंगठा दाखवला.

डिसेंबरात आम्ही दोघं मुंबईहून गोव्याला जहाजाने जायचं म्हणतोय. यावेळी ईमेल मीच लिहिला, मुलाला सांगितलं नाही. वायर किती फूट हवी ते आकड्यात लिहिलंय आणि अ‍ॅडॅप्टरच्या लेबलचा फोटो जोडलाय.