हॉस्पिटलच्या फाइलमधली माहिती फुटली, ७८,४८० रुपये गेले

नाव टाकत नाही, पाव्हणे पण वाचतात. मिरजेत आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे, घरात आईलासुद्धा पत्ता नाही. रविवारी रात्री फोन आला, हॉस्पिटलच्या बिलिंगमधनं बोलतोय, इंजेक्शनचे जादा घेतलेले ९,२०० रिफंड करायचेत. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, व्हॉट्सॲपवर एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, उघडली आणि खात्यातनं ६३,४८० साफ. ओटीपी मी कुणालाच सांगितला नव्हता, त्या ॲपनंच मेसेज वाचले.

शिकलेला माणूस कसा फसला म्हणाल. अहो, त्यानं डॉक्टरांचं नाव, फाइल नंबर, पुढची तारीख सगळं बिनचूक सांगितलं, आणि बायकोचं वय १३! रिसेप्शनवर ३१ चं १३ टाकलंय, सांगूनही कुणी दुरुस्त केलं नव्हतं. आम्ही दोघं हसलो, म्हटलं हॉस्पिटलचाच माणूस. तिथंच ट्यूब पेटायला पाहिजे होती, रविवारी रात्री कुठलं बिलिंग उघडं असतंय? फोन ठेवायचा आणि फाइलवरच्या नंबरवर आपण लावायचा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याच भामट्यानं माझ्या सीमेन (वीर्य) रिपोर्टचा फोटो पाठवला, ‘सासऱ्यांना पाठवू का?’ हा रिपोर्ट माझ्या फोनमध्ये कधी नव्हताच! गावात बोल बाईलाच लावतात आणि इथं रिपोर्ट माझा खराब. १५,००० दिले. तुम्ही देऊ नका, पुन्हा मागतातच.

१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन लावा, तक्रारीत काय लिहायचं यावर घरात वाद घालत बसू नका. ठाण्यात हवालदारसाहेब सगळ्यांपुढं मोठ्यानं, ‘कसली ट्रीटमेंट?’ पूर्ण फाइल जोडा म्हणे. जोडावी तर बोभाटा, न जोडावी तर माहिती हॉस्पिटलातनंच फुटली हे दाखवायचं कशानं? रिपोर्टचे आकडे मार्करनं झाकून दिले तर ‘खाडाखोड चालत नाही’. बँकेत आरबीआयचं २०१७ चं सर्क्युलर (ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, त्याचं) दाखवलं, तीन वर्किंग दिवसांत कळवलंय म्हटलं, तर ‘एपीके तुम्ही उघडलीत, आम्ही काय करणार’.

आणि हॉस्पिटल? ‘आमच्याकडनं काही जातच नाही.’ मग ते १३ वय काय त्याला स्वप्नात दिसलं? २०२१ च्या एआरटी कायद्यात (आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटचा कायदा) जोडप्याची माहिती गोपनीय ठेवायचं बंधन क्लिनिकवर आहे, ते छापून नेलं, कुणी हातात घेईना. आमची माहिती कुणाकुणाकडं गेली ते सांगा असा लेखी अर्ज दिला, पोच मागितली तर काउंटरवरची म्हणते, आधी आधारची झेरॉक्स आणि मोबाईल नंबर द्या.