होलेपनंतरचे नऊ महिने: वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मी हाच पर्याय का निवडला

मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा लघवी अडवणारा वाढलेला भाग लेझरने सोलून काढण्याची माझी शस्त्रक्रिया, म्हणजे होलेप, होऊन नऊ महिने पूर्ण झाले. या काळात ओळखीच्या सहा-सात जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "लेझरचे केलेत ना? मग कसे काय?" घोटाळ्याची सुरुवात या प्रश्नातच आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत लेझर ही काही एक शस्त्रक्रिया नव्हे. एक लेझर वाढलेला भाग सोलून काढतो, दुसरा त्याची जागच्या जागी वाफ करतो आणि दोन्हींचे फायदे-तोटे निराळे आहेत. फोनवर हे सगळे सांगणे होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझे वय ६८. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे काढल्यामुळे प्रवाह मोजण्याची सवय अंगात मुरलेली आहे. डॉक्टरांनी तीन दिवस लघवीची वेळ आणि माप लिहून आणायला सांगितले, तेव्हा मी रीतसर वही आखली आणि स्वयंपाकघरातला मापाचा कप कायमचा न्हाणीघरात नेला. त्यावरून घरात जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहीत नाही. रात्री पाच वेळा उठणे आणि दर खेपेस जेमतेम शंभर मिली, असे त्या वहीत दिसत होते. त्याआधी सहा वर्षे टॅमसुलोसिन चालू होते. ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते, ग्रंथी लहान करत नाही. शेवटची दोन वर्षे जोडीला डुटास्टेराइड होते, ते ग्रंथी काही प्रमाणात आक्रसते, पण त्यासाठी कित्येक महिने जावे लागतात. या गोळीने रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमधून येणारे एक प्रथिन; ते वाढले तर कर्करोगाची शंका घेतात) साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे रिपोर्टातील आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. माझा २.६ हा आकडा 'नॉर्मल' रकान्यात पाहून मी निर्धास्त होतो. मूत्ररोगतज्ज्ञांनी तो ५.२ असा वाचला आणि आधी एमआरआय करायला लावले. सुदैवाने त्यात संशयास्पद काही निघाले नाही.

निर्णय मात्र वहीने किंवा रिपोर्टाने झाला नाही, सर्दीच्या गोळीने झाला. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधील औषधांनी मूत्राशयाचे तोंड आवळले जाते किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो, हे मला ठाऊक नव्हते. विसर्जनाच्या दिवशी दुपारी मी एक गोळी घेतली, संध्याकाळी आणखी एक घेतली आणि मध्यरात्रीपर्यंत लघवी पूर्ण तुंबली. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. एका बाजूला लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक, दुसऱ्या बाजूला टिळक रस्त्यावर मिरवणूक. गाडी बाहेर काढण्याची सोय नव्हती. पुतण्याने स्कूटरवर बसवून बोळाबोळांतून नेले. भरलेल्या पोटाने स्कूटरवर बसून गतिरोधक ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. नळी घातल्यावर पिशवीत ११०० मिली जमा झाले. आठवड्याने नळी काढून पाहिली, पण लघवी झाली नाही आणि नळी पुन्हा घालावी लागली. औषधांचा मार्ग तेथे संपला.

सोनोग्राफीत ग्रंथी ९२ ग्रॅम भरली. निरोगी तरुणाची ग्रंथी वीस-पंचवीस ग्रॅमची असते. शिवाय मधला भाग थेट मूत्राशयात घुसलेला होता. २०१९ मध्ये हृदयात स्टेंट बसवल्यापासून माझी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. माझी निवड या तीन गोष्टींनी ठरली. वाचणाऱ्याच्या तीन गोष्टी वेगळ्या असतील, तर त्याचे उत्तरही वेगळे येईल.

पुण्यात मी तीन मूत्ररोगतज्ज्ञांची मते घेतली. पहिल्यांनी टीयूआरपी सुचवली, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या फासाने ग्रंथीचे काप काढत जाणे. पूर्वी या शस्त्रक्रियेत आतला भाग धुण्यासाठी ग्लायसिनचे द्रावण वापरत. ते रक्तात शोषले जाऊन सोडियम घसरण्याचा धोका असे, म्हणून घड्याळ बघत तासाभरात आटोपावे लागे. आताच्या बायपोलर पद्धतीत साधे सलाईन चालते आणि तो धोका जवळजवळ गेला आहे. सहकारनगरमधील माझ्या मित्राची ग्रंथी ४५ ग्रॅमची होती. त्याने सव्वा वर्षापूर्वी बायपोलर टीयूआरपी करून घेतली, तिसऱ्या दिवशी घरी आला आणि आज उत्तम आहे. तीस ते ऐंशी ग्रॅमच्या टप्प्यात ज्याची ग्रंथी आहे त्याने नव्या नावांच्या मागे धावावे, असे मला वाटत नाही. ही शस्त्रक्रिया स्वस्त आहे आणि जवळजवळ प्रत्येक मूत्ररोगतज्ज्ञाचा हात तिच्यावर बसलेला असतो. ऐंशीच्या वर मात्र ती लांबते, रक्त अधिक जाते आणि बराचसा भाग मागे राहू शकतो.

एवढ्या मोठ्या ग्रंथीसाठी पूर्वी पोट उघडत असत. माझ्या वडिलांचे तसेच झाले होते आणि ते अठरा दिवस रुग्णालयात होते. मूत्राशय उघडून बोटाने ग्रंथी सोडवण्याची ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पीटर फ्रेयर पूर्वी हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेत होते आणि त्यांनी हे काम १९०० च्या सुमारास लंडनमध्ये पुढे आणले, हे मला या निमित्ताने कळले.

दुसऱ्या डॉक्टरांकडे ग्रीनलाइट लेझर होता. त्याची ५३२ नॅनोमीटरची हिरवी किरणे रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. त्यामुळे ऊती वाफ होऊन उडते आणि रक्तवाहिन्या तेथेच बंद होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. पण सगळेच उडून गेल्यावर तपासणीला पाठवायला तुकडा उरत नाही, आणि माझ्या पीएसएचा इतिहास पाहता मला तुकडा हवा होता. युरोलिफ्ट आणि रेझूम यांचीही चौकशी केली. युरोलिफ्टमध्ये ग्रंथीचे दोन्ही भाग बारीक टाक्यांनी बाजूला ओढून बांधतात, काहीच कापत नाहीत. रेझूममध्ये सुईतून नऊ-नऊ सेकंद पाण्याची वाफ सोडतात आणि मेलेली ऊती पुढे काही आठवड्यांत शरीर हळूहळू शोषून घेते. वीर्यस्खलन बहुतेकांचे शाबूत राहते, हा दोन्हींचा मोठा गुण आहे आणि पन्नाशीतल्या माणसाने त्यांचा विचार जरूर करावा. ९२ ग्रॅमच्या आणि लघवी तुंबलेल्या माणसासाठी हे नव्हे, असे त्या डॉक्टरांनी स्वतःच स्वच्छ सांगितले. जे यंत्र आपल्याकडे आहे तेच रोग्याच्या गळ्यात न मारणारा डॉक्टर भेटला, याचे मला अजून बरे वाटते.

तिसरे मत होलेपचे होते. न्यूझीलंडमधील टौरंगा येथे पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. होल्मियम लेझरची किरणे पाण्यात शोषली जातात आणि ऊतीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातात. करवंटीतून खोबऱ्याची वाटी अखंड सुटावी, तसा वाढलेला भाग बाहेरच्या आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तेथे मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने त्याचा चुरा करून बाहेर ओढून घेतात. ग्रंथी किती मोठी, याला येथे फारसे महत्त्व उरत नाही आणि तपासणीसाठी भरपूर ऊती मिळते. उणीव अशी की शिकायला अवघड. पन्नासेक शस्त्रक्रिया झाल्याशिवाय हात बसत नाही, असे हे डॉक्टर स्वतःच म्हणाले. "तुमच्या किती झाल्या?" असे मी विचारले. विचारताना संकोच वाटला, पण त्यांना मुळीच वाटला नाही.

मणक्यात भूल दिली होती आणि समोर पडदा होता. दीड तास माझ्याच ग्रंथीचे खोदकाम मी कालव्याच्या कामावर उभा असल्यासारखा पाहत होतो. ६१ ग्रॅम ऊती निघाली आणि ती साधी वाढच असल्याचा अहवाल आठवड्याने आला. दुसऱ्या दिवशी नळी काढली. पहिली धार आली तेव्हा मला तिचा आवाजच ओळखू आला नाही.

आता ज्या भागाबद्दल कोणी नीट सांगितले नाही, त्याबद्दल. पहिले सहा आठवडे लघवीवर ताबा नव्हता. खोकलो, हसलो, खुर्चीवरून उठलो की गळायची. आरंभी दिवसाला चार पॅड लागत होते, दिवाळीत दोन, तिसऱ्या महिन्यात बाहेर जाताना खबरदारी म्हणून एक, आणि चौथ्या महिन्यात तेही सुटले. दिवाळीच्या फराळाला घरी आलेल्यांसमोर मी उठून उभा राहिलो नाही, याचे कारण कोणाला कळले नाही. हे गळणे बहुतेकांचे थांबते, पण होलेपनंतर ते पहिल्या काही आठवड्यांत बरेच आढळते. माझ्या टीयूआरपीवाल्या मित्राला जवळजवळ काहीच त्रास झाला नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मला शस्त्रक्रियेनंतर शिकवला. तो आधी महिनाभर करून घ्यायला हवा होता, असे फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर सांगितले. नळी लावलेली असताना तो करता येत नाही, हे खरे, पण त्याआधीची सहा वर्षे माझ्याजवळ होतीच की.

अठराव्या दिवशी गिरणीतून भाजणीचा दहा किलोचा डबा उचलून आणला आणि संध्याकाळी लघवी लाल झाली. आतली खपली दोन ते चार आठवड्यांत सुटते, त्या काळात वजन उचलायचे नाही, हे कागदावर लिहिलेले होते आणि मी वाचलेही होते. भरपूर पाणी प्यायल्यावर दोन दिवसांत रंग निवळला. ही चूक सर्वस्वी माझी.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण लिहायलाच हवी. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. टीयूआरपीनंतरही बहुसंख्यांचे असेच होते. इच्छा आणि ताठरता यांत मला फरक पडला नाही, संवेदना मात्र थोडी वेगळी असते. संमतिपत्रात याबद्दल इंग्रजीत एक ओळ होती आणि तिच्याखाली सही करायला मला दोन मिनिटे मिळाली. ही चर्चा पत्नीला शेजारी बसवून, मराठीत, आठवडाभर आधी व्हायला हवी होती.

तक्रार आहे ती बिलाची. अंदाजपत्रकात एकच ठोक रक्कम दिली होती; घरी सोडताना लेझर आणि मॉर्सेलेटर यांचे वापरशुल्क वेगळे लावले गेले आणि विमा कंपनीने नेमके तेवढेच कापले. सव्वा दोन महिने पत्रव्यवहार करून निम्मी रक्कम परत मिळाली. यंत्र रुग्णालयाचे आहे की भाड्याने येते आणि त्याचा खर्च ठोक रकमेत धरला आहे का, हे दाखल होण्यापूर्वी लेखी घ्यावे.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत धारेचा कमाल वेग सेकंदाला २१ मिली भरला. तुंबण्याआधी तो ७ होता. लघवीनंतर मूत्राशयात १८० मिली उरत असे, आता २५ उरते. लक्षणांचे गुणांकन ३५ पैकी २४ होते, ते ६ वर आले. हे ६ का उरले, तर इतकी वर्षे जोर लावून मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे आणि अडथळा गेला तरी तिची घाई लगेच जात नाही. रात्री अजून एकदा, क्वचित दोनदा उठतो. परवा पालखी पाहायला दोन तास रस्त्यावर उभा होतो आणि जवळपास स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी शोधून ठेवले नव्हते. प्रोस्टेटच्या दोन्ही गोळ्या बंद आहेत. पीएसए ०.७ आहे, तो आता दुप्पट करून वाचायचा नाही, आणि यापुढची वाढ याच आकड्यापासून मोजायची, असे डॉक्टरांनी फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून दिले आहे. पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये.