टेस्टडिस्क आणि फोटोरेक: पुसल्या गेलेल्या पार्टिशनमधून फाइली परत मिळवताना

माझ्या १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर दोन पार्टिशने, म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग, होती; दोन्ही एनटीएफएस या विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीची. पहिल्यात लेखन, टिपणे आणि कामाची कागदपत्रे होती, तर दुसऱ्यात अनेक वर्षांचे फोटो. नवी डिस्क जोडून तिची मांडणी करताना यादीतला डिस्कचा क्रमांक मी नीट पाहिला नाही आणि नव्या डिस्कऐवजी या जुन्या डिस्कवरची दोन्ही पार्टिशने काढून टाकली. त्यांच्या जागी डिस्कभर एकच पार्टिशन केले, ते क्विक फॉरमॅट केले (म्हणजे जुना मजकूर न पुसता नव्याने वापरासाठी तयार केले) आणि त्यावर सुमारे १२ गिगाबाइट फाइली उतरवल्यानंतरच चूक ध्यानात आली. त्या क्षणी डिस्क काढून बाजूला ठेवली, दुसरी रिकामी डिस्क आणली आणि पुढचे चार दिवस टेस्टडिस्क व फोटोरेक या दोन प्रोग्रामांच्या मदतीने फाइली परत मिळवण्यात घालवले.

हे दोन्ही प्रोग्राम क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे असून ते एकाच डाउनलोडमध्ये मिळतात. ते मोफत आहेत, जीपीएल परवान्याखाली मुक्त स्रोत आहेत आणि विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर चालतात. मी वापरलेली ७.२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन्हींचा उल्लेख नेहमी जोडीने होत असला तरी त्यांची कामे मुळातच वेगळी आहेत आणि माझ्या मते त्यांचे मूल्यमापनही वेगवेगळेच करायला हवे.

टेस्टडिस्कचे काम समजण्यासाठी पार्टिशन काढल्यावर डिस्कवर नेमके काय घडते हे पाहावे लागते. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा ठराविक तुकडा) पार्टिशनांचा केवळ ६४ बाइटचा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी असतात. नव्या जीपीटी पद्धतीत तक्ता मोठा असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पार्टिशन काढणे म्हणजे या तक्त्यातली नोंद पुसणे; तिने दाखवलेल्या जागेतल्या फाइलींना त्यामुळे धक्का लागत नाही. टेस्टडिस्क तक्त्यावर विसंबून न राहता डिस्क तपासत जातो आणि पार्टिशनच्या आरंभी असणारे, त्याची मूलभूत माहिती ठेवणारे बूट सेक्टर शोधतो. एनटीएफएसमध्ये या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते आणि एफएटी३२ या दुसऱ्या साठवण पद्धतीतही राखीव प्रत असते, त्यामुळे मूळ सेक्टर खराब झाला तरी पार्टिशन कोठे सुरू होऊन कोठे संपत होते हे पुष्कळदा ठरवता येते.

प्रत्यक्ष वापरात माऊसचा उपयोग नाही. काळ्या पडद्यावर बाणांच्या कळांनी आणि एंटरने पुढे जायचे असते. डिस्क निवडल्यावर तक्त्याचा प्रकार प्रोग्राम स्वतःच सुचवतो आणि खात्रीचे कारण नसेल तर ती सूचना बदलू नये. माझ्या बाबतीत ‘क्विक सर्च’मध्ये मी नुकतेच केलेले डिस्कभर पसरलेले पार्टिशन तेवढे दिसले, आणि अनेक जण याच टप्प्यावर धीर सोडत असतील असे मला वाटते. त्यानंतरचा ‘डीपर सर्च’ काही तास चालला आणि शेवटी दोन्ही जुनी पार्टिशने त्यांच्या मूळ आकारांसह यादीत आली. जुनी आणि नवी पार्टिशने एकमेकांवर येत असल्याने त्यांपैकी कोणती खरी मानायची हा निर्णय मात्र वापरणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

हा निर्णय आंधळेपणाने घ्यावा लागत नाही, आणि मला हा प्रोग्राम मोलाचा वाटतो तो याच गोष्टीसाठी. सापडलेल्या पार्टिशनवर थांबून ‘पी’ कळ दाबली की डिस्कवर एकही बाइट न लिहिता त्यातल्या फोल्डरांची यादी समोर येते. दुसऱ्या पार्टिशनवर ती कळ दाबली तेव्हा वर्षांनुसार लावलेले माझे सगळे फोल्डर जसेच्या तसे दिसले आणि आत गेल्यावर फाइलींची नावे व तारखाही शाबूत होत्या. याच यादीतून हव्या त्या फाइली निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. तक्ता दुरुस्त करण्याआधीच माल सुरक्षित जागी हलवता येत असल्यामुळे पुढे काही चुकले तरी गमावण्यासारखे काही उरत नाही. अनेक परिचयपर लेखांत थेट तक्ता लिहून टाकण्याचा सल्ला असतो. त्याआधी ही प्रत काढून घेण्यावर जेवढा भर असायला हवा तेवढा तिथे क्वचितच दिसतो.

पडद्याच्या मांडणीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. ‘डीपर सर्च’ आणि डिस्कवर नवा तक्ता लिहिणारा ‘राइट’ हे दोन पर्याय एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत. लिहिण्यापूर्वी प्रोग्राम एकदा विचारतो हे खरे, पण घाबरलेल्या अवस्थेत माणूस हो म्हणून जातो. तसेच लहान ‘सी’ समोरची एकच फाइल उतरवतो, तर कॅपिटल ‘सी’ निवडलेल्या सर्व फाइली उतरवतो. हा फरक खालच्या सूचनेत लिहिलेला असला तरी पहिल्या वेळी माझ्या लक्षात आला नाही आणि एका फोल्डराऐवजी एकच फाइल हाती आली.

पहिल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबल्यावर फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था, खराब असल्याचा संदेश आला. नवे फॉरमॅट आणि त्यानंतर उतरवलेल्या फाइली याच भागावर बसल्या होत्या. इथे फोटोरेक कामी आला. हा प्रोग्राम फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही. डिस्क सेक्टरागणिक वाचत जातो आणि फाइलींच्या आरंभीच्या ठराविक खुणा ओळखतो. उदाहरणार्थ, पीडीएफ फाइलीच्या सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे पीडीएफ ही अक्षरे असतात. अशा ४८० हून अधिक फाइल एक्स्टेन्शन त्याला ओळखता येतात. वेग सेकंदाला १०० मेगाबाइट धरला तरी १ टेराबाइट वाचायला पावणेतीन तासांहून अधिक लागतात. मला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

हाती आलेल्या फाइलींची संख्या समाधानकारक होती, पण त्यांची अवस्था आधीच माहीत असलेली बरी. नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. फाइली क्रमांक घातलेल्या फोल्डरांत पडतात आणि बहुतेकींचे नाव म्हणजे ‘एफ’ या अक्षरापुढे एक लांबलचक आकडा असतो. ज्या फाइलींचे तुकडे डिस्कवर दूरदूर विखुरलेले होते त्या अर्ध्यावरच तुटलेल्या निघाल्या आणि यात मोठ्या व्हिडिओ फाइलींचे सर्वाधिक नुकसान झाले. शिवाय ब्राउझरने साठवलेली हजारो छोटी चित्रेही त्या ढिगात येतात. म्हणून सुरुवातीलाच ‘फाइल ऑप्ट’मध्ये जाऊन हवे तेवढेच प्रकार निवडावेत, मी ते दुसऱ्या फेरीत केले आणि ढीग पुष्कळ आटोक्यात आला. नाव आणि मांडणी हाच ज्यांच्या कामाचा प्राण आहे त्यांनी फोटोरेककडे टेस्टडिस्कनंतरच वळावे.

दोन्ही प्रोग्रामांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. एसएसडीवर (चिपवर साठवण करणाऱ्या डिस्कवर) पार्टिशन काढताना किंवा क्विक फॉरमॅट करताना ट्रिम, म्हणजे ही जागा आता वापरात नाही असे डिस्कला कळवणारी आज्ञा, गेली असेल, तर ती जागा वाचल्यावर बहुधा शून्येच मिळतात. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सर्व सेक्टरांवर शून्ये लिहिते, त्यामुळे त्यानंतर शोधण्यासारखे काहीच उरत नाही. डिस्क टकटक असा आवाज करत असेल किंवा वाचताना वारंवार अडत असेल, तर यांपैकी काहीही थेट तिच्यावर चालवू नये. थोडे सेक्टर वाचता येत नसतील तर जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून त्या प्रतिमेवर काम करावे, आणि आवाज येत असेल तर डिस्क बंद करून तज्ज्ञांकडे द्यावी.

मी स्वतः ‘राइट’ हा पर्याय शेवटपर्यंत वापरला नाही. फोटो पूर्णपणे दुसऱ्या डिस्कवर आले, त्यांतले अनेक उघडून पाहिले, आणि मगच जुनी डिस्क नव्याने फॉरमॅट केली. पहिल्या पार्टिशनमधली टिपणे अजून आकड्यांच्या नावांनीच पडलेली आहेत. रोज थोडी उघडून, वाचून त्यांना नावे देण्याचे काम चालू आहे.