पाण्याने लिहायचा चिनी सेट : कापड झकास, पुस्तिका म्हणजे संकट

वापरून दीड महिना झाला, आता लिहायला हरकत नाही. चौकटी छापलेलं एक करडं कापड, एक ब्रश, एक टीचभर वाटी आणि बारा पानांची पुस्तिका, सगळं मिळून ६४९ रुपये. शाई वगैरे काही नाही, ब्रश पाण्यात बुडवायचा नि कापडावर फिरवायचा, ओलं झालं की तेवढा भाग काळा दिसतो आणि वाळला की गायब, परत कोरं. भाची सुट्टीत बडोद्याला येणार म्हणून मागवला होता, ती दोन दिवस खेळली नि मोबाइलकडे परत गेली, तेव्हापासून मीच बसतोय रोज संध्याकाळी.

कापडाला पैकीच्या पैकी. एक सांगतो, बोरचं पाणी वापरू नका, आमच्याकडच्या क्षाराने दुसऱ्याच दिवशी पांढरे डाग दिसायला लागले, आरओचं घेतल्यापासून त्रास नाही. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांत वाळायचं, आता पावसाळी हवेत पंख्याखाली ठेवलं तरी पंधरा मिनिटं जातात. ब्रशचे केस पहिल्या दिवशी गळले, मग थांबले. ठीक.

खरी कटकट पुस्तिकेची. आपण श्रीगणेशाने सुरुवात करतो, हे लोक पहिल्याच पानावर संकटाचं चिन्ह, ‘त्साय’, देतात! आणि तेही धड नाही. मजकुरात लिहिलंय ‘वर छप्पर, खाली आग’ आणि सरावाच्या चौकटीत छप्परच नाही, वर एकाशेजारी एक तीन वाकड्या रेघा आणि खाली आग. मला वाटलं छपाईची चूक. मग दोन रात्री शोधत बसलो तर कळलं दोन्ही बरोबर आहेत, फक्त पुस्तिकावाल्याला ते माहीत नाही. तीन रेघावालं रूप तैवान, हाँगकाँग, जपानमध्ये चालतं, छप्परवालं चीनमध्ये १९५० च्या दशकात लिपी सोपी करताना ठरवलं, पण ते काही नवीन बनवलेलं नाही, जुनंच एक रूप उचललंय. गंमत म्हणजे सोपं केलं म्हणतात आणि रेघा दोन्हीकडे सातच.

त्या तीन रेघा म्हणजे वाहतं पाणी. इ.स. १०० च्या सुमाराला शू शेन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा कोश केला, त्यात त्या वरच्या भागाचं मूळ रूप दिलंय, नदीवर एक आडवी रेघ, आणि अर्थ काय तर नदी अडवली की नुकसान. हे वाचलं नि मी ब्रश खाली ठेवला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात गुडघ्यापर्यंत होतं. पात्रात भराव घालून घालून नदीला जागा कुठे ठेवलीय आपण? त्यात मगरी फिरतायत म्हणून जिन्यावरून खाली उतरायची चोरी. आणि त्या पाण्यातच इन्व्हर्टरने फट् करून ठिणगी टाकली, जळक्या रबराचा वास आणि बाबा जिन्यावरून ओरडतायत ‘हात लावू नको रे, आधी मेन पाड!’ वर पाणी, खाली आग. ते अक्षर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अजून मागे गेलं तर तीन हजार वर्षांपूर्वीची कासवाच्या पाठी-पोटाची कवचं नि बैलांची खांद्याची हाडं, चीनमध्ये आन्यांगला सापडलेली, तिथल्या शांग घराण्याचे राजे त्यावर कौल लावायचे. त्यावर कोरलेल्या अक्षरांत संकट लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत, कुठे तुंबलेलं पाणी, कुठे शस्त्र म्हणजे लढाईचं संकट, कुठे जळतं घर. राजा शिकारीला निघाला की कौलात ठरलेलं वाक्य, ‘जाता-येता संकट नाही’. आमची आजी ‘जातो’ म्हटलं की दारातून परत बोलवायची, ‘येतो म्हण’. तेच की हे!

पुढे आणखी मजा. चिनी लोक ‘थ्यान-त्साय रन-हुओ’ म्हणतात, आभाळाचं संकट नि माणसाने आणलेलं संकट. पुस्तिकेने याचं मराठी केलंय ‘नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्ती’. अरे बाबा, अस्मानी-सुलतानी असा तयार शब्द पडलाय ना आपल्याकडे! जुन्या चिनी इतिहासग्रंथातसुद्धा फरक केलाय, माणसाने लावली ती नुसती आग, आभाळातून आली ती ‘त्साय’. जपानीत याच अक्षराचा उच्चार ‘साई’. आईने ऐकलं आणि हात जोडले, अर्थ अजून सांगितलेला नाही मी. जपानमध्ये दरवर्षी डिसेंबरमध्ये वर्षाचं एक अक्षर निवडतात आणि क्योतोच्या कियोमिझू मंदिरात मोठ्या ब्रशने लिहितात, २००४ आणि २०१८ ला हेच निवडलं होतं, दोन्ही वर्षं भूकंप, वादळं, पूर असलीच गेली.

शेवटच्या पानावर ते नेहमीचं, ‘चिनीत संकट म्हणजे धोका अधिक संधी’. केनेडींनी १९५९ मध्ये भाषणात वापरलं तेव्हापासून मॅनेजमेंटवाल्यांनी चावून चोथा केलाय. मुळात तो शब्दच वेगळा, ‘वेइ-ची’, आणि त्यातला ‘ची’ एकटा संधी नव्हे, तो निर्णायक क्षण, कळीची जागा, आणि यंत्रालाही तोच, विमानाच्या शब्दात तोच बसलाय. आमच्या तळमजल्यात कोणती संधी होती ते मलाही सांगा, फ्रिज गेला, दोन गाद्या गेल्या.

आणि बाणाने दाखवलेला रेघांचा क्रमही चुकलाय. आगीत आधी दोन बाजूचे ठिपके, मग मधल्या दोन लांब रेघा. पुस्तिकेत उलटं. लहान मुलांना देणार असाल तर ते पान फाडून टाका. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘थँक यू फॉर युअर लव्ह’.

परवा आईने तेच कापड पुसायचं फडकं समजून ओल्या डायनिंग टेबलावर फिरवलं, अख्खं काळंकुट्ट झालं, तिने पिळून खिडकीत टाकलं आणि माझ्यावरच डाफरली की कसला रंग जाणारा कपडा आणलास. संध्याकाळपर्यंत परत करडं. कापडाला पाच स्टार, ब्रशला तीन, पुस्तिकेला एक, तोही कागद जाड आहे म्हणून.