जामनेर रोडवरच्या अप्पांनी शिवलेले कासाले आणि लेन्यानो या इटलीतल्या फुटबॉल टीमचे शर्ट, दोन महिने वापरून मग लिहितोय

भुसावळला जामनेर रोडवर एक जर्सी शिवून देणारं दुकान आहे, बाहेर गणपती मंडळांचे टीशर्ट लटकवलेले असतात, आत तीन मशीन आणि कापडाच्या गठ्ठ्यांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. तिथून मी आमच्या मैदानावरच्या पोरांसाठी २८ शर्ट शिवून घेतले, १४ काळे आणि १४ फिकट जांभळे. टीमसाठी कोणाला खरे कॉटनचे शर्ट हवे असतील तर त्यांनी नक्की वाचा.

मला काय हवं होतं ते आधी सांगतो. १९२९-३० ला इटलीत फुटबॉलच्या पहिल्यांदा सेरी ए (वरची) आणि सेरी बी (खालची) अशा एकसलग लीग सुरू झाल्या, त्याआधी गट पाडून खेळायचे. वरच्या लीगचं सगळ्यांना माहिती असतं, मेआत्साने ३१ गोल मारले आणि अँब्रोझियाना म्हणजे आजची इंटर जिंकली वगैरे, पण माझा जीव अडकला तो खालच्या सेरी बी मध्ये. १८ टीम, प्रत्येकीच्या ३४ मॅच, जिंकलं की २ पॉइंट, आणि दक्षिणेतून फक्त बारी आणि लेच्चे, बाकी सगळ्या मध्य आणि उत्तर इटलीतल्या. लेच्चे इटलीच्या नकाशातल्या बुटाच्या टाचेवर आणि दुसऱ्या टोकाला फियुमे, जे आता क्रोएशियात आहे आणि रियेका म्हणून ओळखतात. नकाशा उघडून हे अंतर बघा आणि मग १९३० सालच्या रेल्वेने एका मॅचसाठी तिथे जायचं म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा, आपण जंक्शनवाल्यांना तर ते लगेच कळतं.

त्या सीझनला कासाले पहिली आली आणि तिच्याबरोबर लेन्यानो वर सेरी ए मध्ये चढली. कासाले मोन्फेर्रातो हे पो नदीवरचं सिमेंटचं गाव, आणि याच कासालेने १९१४ ला अख्ख्या इटलीची चॅम्पियनशिप जिंकली होती! मग मोठ्या क्लबांनी एकेक करून पोरं नेली, मॉन्झेलिओ १९२६ ला बोलोन्याला गेला, कालिगारिस १९२८ ला युव्हेंटसला. मॉन्झेलिओ पुढे दोन वर्ल्ड कप जिंकला, कालिगारिस इटलीकडून ५९ मॅच खेळला. बारावी झाली की आमची चांगली पोरं पुण्याला जातात आणि मी दर जूनला नवीन पोरं गोळा करतो, त्यामुळे एवढे दोन हिरे गेल्यावरही त्या टीमने सेरी बी जिंकली हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आणि लेन्यानो म्हणजे मिलचं गाव, कापूस, सूत, भोंगा. आमच्या आईचे वडील अमळनेरला प्रताप मिलमध्ये होते, त्यामुळे लेन्यानो मला परकं वाटलंच नाही.

तर कासालेचा शर्ट काळा, छातीवर पांढरा तारा. शेजारची प्रो व्हर्चेल्ली ही टीम पांढऱ्या शर्टात खेळायची आणि तेव्हा तिचा फार दबदबा होता, म्हणून यांनी मुद्दाम काळा घेतला. लेन्यानोचा शर्ट लायलॅक, म्हणजे फिकट जांभळ्या रंगाचा. जळगावला दोन ठिकाणी विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर, डॉट निटवर (बारीक छिद्रांचं पॉलिस्टर) सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेने कापडात उतरवलेली छपाई) मारून देतो, २२० रुपये, तारा काय वाघ पाहिजे तर वाघ टाकतो. मला प्रिंट नको होती, शिवलेला तारा हवा होता.

अप्पांनी मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला, चष्मा वर करून परत बघितला आणि विचारलं, "पाठीवर नंबर कोणता टाकायचा भाऊ?" मी सांगितलं की तेव्हा इटलीत नंबर नसायचेच, तर म्हणे "मग पाठ कोरी ठेवतो, शिवण पण मध्ये घेत नाही." खरंच एका माणसाने माझ्या डोक्यातली गोष्ट अशी मनावर घेतली हे बघून मी तिथेच ५,००० ॲडव्हान्स देऊन टाकला. लायलॅक म्हणजे नेमका कोणता रंग हे सांगताना माझी पंचाईत झाली, शेडकार्डावर सगळे एकतर गुलाबीकडे जाणारे नाहीतर निळ्याकडे, तेव्हा अप्पाच म्हणाले, "वांग्याच्या फुलाचा ना?" अगदी तोच! बामणोदच्या वाटेवर वांग्याच्या शेताच्या बांधावर उभं राहून बघा, लेन्यानोचा रंग तिथे आहे.

कापड कॉटन इंटरलॉक, हातात घेतलं की वजन लागतं. शर्टाचा दर ४६०, ताऱ्याचे वेगळे २०, एकूण १३,१६० झाले, थोडं जास्त आहे हे मान्य, पण कॉलर बसते कशी ते बघा, काखेत डबल शिलाई आहे आणि दोन महिन्यांत एकही शर्ट उसवला नाही. ताऱ्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापला, प्रत्येक तारा कात्रीने हाताने कापला आणि पाचही टोकं आत दुमडून शिवली, टोक दुमडणं हेच खरं अवघड काम आहे, तिथे कापड गोळा होतं. माझ्यासमोर त्यांनी एक तारा तीनदा उसवला.

आता तक्रारी. नऊ दिवस उशीर झाला, डिसेंबरात शाळांच्या स्पर्धा असतात आणि कबड्डीवाल्यांच्या ऑर्डर आधी जातात, तेव्हा तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख सांगा. दुसरी तक्रार मोठी आहे. एका पोराच्या आईने काळा शर्ट रात्रभर बादलीत भिजवला आणि सकाळी तारा राखाडी. मला रडूच आलं असतं. याच सेरी बी मध्ये तेव्हा फ्लॉरेन्सची फियोरेंतिना पण होती, तिचे लाल-पांढरे शर्ट नदीत धुताना रंग एकमेकांत उतरून जांभळे झाले अशी दंतकथा सांगतात, १९२९ पासून ती जांभळ्यातच खेळते. फ्लॉरेन्सला ते शोभलं पण कासालेचा तारा पांढराच पाहिजे. अप्पांकडे घेऊन गेलो तर एका शब्दाने वाद घातला नाही, रंग कच्चा निघाला ही चूक माझी म्हणाले, १४ च्या १४ शर्टांचे तारे उसवले, शर्ट मिठाच्या पाण्यात घालून तीनदा खंगाळले, नवे तारे लावून दिले आणि एक रुपया घेतला नाही. त्यानंतर पाच-सहा वेळा धुतलेत, पांढरं ते पांढरं.

जानेवारीत सकाळी साडेसहाला मॅच ठेवली, धुकं होतं, गोलकीपर सोडून मैदानावर काळे आणि वांग्याच्या फुलाचे असे वीस शर्ट, पाठी कोऱ्या. पोरं एकमेकांना नंबराऐवजी नावाने हाका मारत होती. नंतर शेतात भरीत आणि पुऱ्या झाल्या, काळ्या शर्टांवर तेलाचे डाग पडले ते साध्या साबणाने गेले, हेही लिहून ठेवतो.

मे महिन्यासाठी काळा अजिबात घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात पोरं भाजून निघतील. घ्यायचाच असेल तर पक्क्या रंगाचं कापड आधी मागा आणि एक तुकडा घरी भिजवून बघा. रोख घेऊन जा, दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. आत गेल्यावर कात्रीच्या खिळ्याला पुठ्ठ्याचा तो तारा अजून टांगलेला दिसेल, फोटो दाखवायची गरज नाही, तोच दाखवा.